पेदरिकबाईंचा पहिला दिवस

होबार्टच्या दवाखान्यात नॉर्म ट्रेगेन्झा डोळ्यांत औषध घालून, डोळे मिटून बसला होता. शेजारी दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“कोरल, पेपरात वाचलंस? आपल्या नाटकाच्या पेदरिकबाई गेल्या.”

“वाचलं. किती नट घडवले म्हणे त्यांनी.”

“तूही होतीस ना आमच्या वर्गात?”

“एकच दिवस. ‘तुला अभिनय जमणार नाही, घरी जा,’ म्हणाल्या. गेले घरी. मग चाळीस वर्षं कारखान्यात मासे डब्यात भरले.”

“अगं, ते त्या सगळ्यांनाच म्हणायच्या! मलाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी जो परत येईल, त्यालाच शिकवायच्या.”

“सगळ्यांना?”

“एकजात सगळ्यांना. तू का नाही आलीस?”

“आले होते, एव्हिस. दारापर्यंत आले होते. आत तुम्ही हसत होतात. मला वाटलं, मलाच हसताय.”

“बाई महिनाभर हजेरीत तुझं नाव घेत होत्या गं.”

“मग हे आज कशाला सांगितलंस? इतकी वर्षं त्यांना शिव्या घालत तरी जगत होते मी.”

नॉर्मने चाचपडत खिशातला रुमाल काढला आणि आवाजाच्या दिशेने पुढे धरला. तो कोणीच घेतला नाही.