पट्टीतला खिळा

पायाचा एक्स-रे काढायचा असंल ना भाऊ, तर पहिले बायकोला विचारून घे. मी ट्रॅक्टरवरून पडलो. गावच्या हाडवैद्यानं पट्टी बांधली, तरी सूज उतरेना, म्हणून धुळ्याला गेलो.

फोटोवाला म्हणे, "काका, पट्टी सोडा."

मी भडकलो, "वैद्य नाही म्हणतो! काढ तसाच!"

डॉक्टर फोटो पाहून म्हणे, "हाडात खिळा दिसतोय. आधी ऑपरेशन झालंय?"

मला वाटलं, आता पाय कापता का काय! मी वैद्याला शिव्या घालायला लागलो, तशी बायको हळूच बोलली, "त्याला नका बोलू. दृष्ट लागू नये म्हणून घोड्याच्या नालेचा खिळा मीच खोचला पट्टीत."

पट्टी सोडून पुन्हा फोटो काढला. हाड शाबूत!

बायकोनं खिळा परत मागून घेतला. म्हणे, "पाहा, याच्यानंच वाचलं."