काच रिकामी वाटेपर्यंत

रात्रपाळी संपवून घरी निघालेली नर्स बसच्या खिडकीला डोकं टेकून पेंगत होती. पुढच्या सीटवर एक म्हातारं जोडपं बोलत होतं, आणि ते बोलणं तिच्या डुलकीत पाझरत होतं.

"पोहण्याचा तलाव उद्या कायमचा रिकामा करणार, आणि तुम्ही आज त्याचा फिल्टर धुवायला निघालात. वरातीमागून घोडं!"

"पाण्याला कुठं ठाऊक आहे उद्याचं?"

"धुता म्हणजे करता तरी काय?"

"पाणी उलटं फिरवायचं. रोज ते फिल्टरमधल्या वाळूतून वरून खाली जातं, आज खालून वर. अडकलेला सगळा मळ सुटतो. पाइपाला एक काच आहे, तिथं डोळा लावून बसायचं. आधी चहासारखं येतं, मग फिकट, मग... काच रिकामीच आहे की काय, असं वाटतं."

"त्या काचेपायी जन्म घालवलात!"

"तेच दाखवायचंय तुला. आज पोहायला कोणी येणार नाही. पिशवीत काय घेतलंयस?"

"जुना गाऊन. आणि टॉवेल... दोन."

"घेतलास ना शेवटी!"

"हसू नका. मला पोहता येत नाही, आधीच सांगते."

"कडेची दांडी धरून उभी राहा."

"आणि तुम्ही?"

बस थांबली, निघाली. नर्सचा स्टॉप मागं गेला. तिने डोळे उघडले नाहीत.

"मीही दांडीच धरणार. मला तरी कुठं येतं पोहता?"

"अहो! इतकी वर्षं तिथं नोकरी करून?"

"कधी उतरलोच नाही गं. पाणी खराब होईल म्हणून."