चिकटवलेली पाने

(गुरुवार, १२ डिसेंबर १९९६, दुपारचे साडेतीन. स्थळ : इंदापूर, निवृत्त मराठी शिक्षक दादासाहेब यांच्या घराची ओसरी. बारामतीच्या महाविद्यालयात बी.ए.ला असलेली धाकटी कन्या रोहिणी समोर. तिचा निबंध त्यांच्या हातात. पत्नी भामाबाई तूर पाखडत आहेत.)

दादासाहेब : ...आणि येथे आपण निकाल देता, ‘कादंबरीतील इनामदार हा दांभिक पिता होय.’ अभिनंदन! नवव्या वर्षी याच इनामदारासाठी तू हुंदके देऊन रडली होतीस.

रोहिणी : नवव्या वर्षी कादंबरी तुमच्या तोंडून ऐकली होती, दादा. आता वाचली.

दादासाहेब : एवढा फरक पडतो?

रोहिणी : आठ पानांचा. आपल्या प्रतीत दोनशे पाचनंतर एकदम दोनशे चौदा. मधली पानं खळीनं चिकटवलेली. आमच्या ग्रंथालयाला खळ परवडत नाही, म्हणून तिथं सगळी सापडली.

दादासाहेब : त्या पानांत लेखकाची शैली सैल झाली आहे. कोवळ्या कानांवर सैल गद्य पडू नये, इतकाच हेतू.

रोहिणी : सैल? सासर सोडून आलेली लेक दारात उभी, आणि इनामदार आत पोथीचा अध्याय पुरा करतायत. मग तिला गाडीत घालून परत धाडतात. अख्ख्या पुस्तकात इतकं घट्ट गद्य दुसरं नाही.

भामाबाई : आगं, ती खळ म्याच शिजवून दिली हुती! ह्ये म्हणलं, पुस्तक फाटलंय.

दादासाहेब : साहित्यचर्चेत स्वयंपाकघर आणू नकोस.

भामाबाई : स्वयंपाकघर न्हाय, सारजाला आणतीया. अकरा वर्सं झाली. नवऱ्याचा मार खाऊन थोरली आली, तर तुमी तिला च्या पाजून मोरगावच्या यष्टीत बसवलं. दुसऱ्या दिशी खळ मागितली. मला आत्ता उमगतंय.

दादासाहेब : योगायोग हा पुरावा नव्हे.

रोहिणी : मग अजून एक योगायोग ऐका. आक्का तिच्या लेकीला, छकुलीला घेऊन भिगवणला मामाकडं आलीय. चारच्या यष्टीनं इथं येतेय, कायमची. निबंधाचा शेवट मी त्यासाठीच कोरा ठेवलाय.

दादासाहेब : वा! म्हणजे आज परीक्षार्थी मी.

रोहिणी : पूर्ण वाचल्याशिवाय मत देऊ नये, हे तुमचंच शिकवणं.

दादासाहेब : इनामदाराने व्याह्यांना शब्द दिला होता. गावात मान होता. त्याची बाजू तू मांडलेलीच नाहीस.

रोहिणी : मांडलीय. चौथं पान. त्याच्या समासात तुम्हीच मघाशी लाल शाईनं लिहिलंय, ‘उत्तम. पण ही सबब वाटते.’





दादासाहेब : खळ लावली त्या दिवशी तू माझ्या मांडीवर बसली होतीस, रोहिणी. पुढे काय झालं, पुढे काय झालं, म्हणत होतीस. आदल्याच दिवशी तिला गाडीत बसवून आलो होतो. तो उतारा मोठ्याने वाचणे मला शक्य झाले नाही. शैलीत काही दोष नाही.

रोहिणी : दादा...

दादासाहेब : माझी टोपी कुठे आहे? भिगवणची गाडी कधी कधी वेळेआधी येते. आणि छकुलीला उचलून घ्यायला कोणी हवे.

रोहिणी : आई, मग ‘दांभिक’ खोडू का?

भामाबाई : खोड. भित्रा हुता, येवढंच लिव्ह.