उत्तरेचे बारा मजले

"...मी नाही बसणार खाली, तुम्हीच बसा कोम्पाद्रे, खुर्ची तुमची आहे, मतं तेवढी आमची होती," असं मी नगरसेवक गुआल्बेर्तोला भर सभेत सुनावलं. आता तुम्हाला सांगते, आमच्या कोचाबांबात कोम्पाद्रेशी असं बोलत नाहीत. त्याच्या थोरलीला बाप्तिस्म्याला मी हातांवर धरलं, मी तिची धर्मआई, म्हणून मी त्याची कोमाद्रे नि तो माझा कोम्पाद्रे, भावापेक्षा जवळचा. आवाज चढवायचा नाही, अहो-जाहो करायचं, मनातल्या मनात मुडदा बसवला तरी. मग मी काय केलं? अहो-जाहो करूनच ओरडले.

ओरडू नको तर काय करू? इंजिनियर उर्किदीला माझ्या अंगणाच्या उत्तरेला बारा मजले चढवायचेत, आणि आम्ही पडलो पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यातले, आमच्याकडे सूर्य फिरतो उत्तरेकडून. अंगणात मी मोड आलेला मका वाळवते, त्याची चिचा, म्हणजे आमची मक्याची दारू, गाळते, अर्धी आळी माझी चिचा पिऊन सोयरिकी जुळवते नि मोडते. मका सावलीत राहिला की बुरशी, बुरशी आली की चिचा बंद, चिचा बंद की मी बंद. तीन मजले बांधा, माझी ना नाही... पण बारा? माझं ऊन कुठं जाणार?

गुआल्बेर्तो म्हणतो, "कोमाद्रे, विकास येतोय." येऊ दे की, पण माझ्या उन्हात का उभा राहतोय? उर्किदी तुपातल्या आवाजात म्हणतो, "दोन्या सेनोबिया, गच्चीवर कोपरा देतो, तिथं वाळवा." बाराव्या मजल्यावर, ओला मका घेऊन? "लिफ्ट आहे ना." आणि लिफ्ट बंद पडली की मका काय उडत जाणार? माझं ऊन मला जमिनीवर पाहिजे, बाबा.

मंजूर झालं. सगळ्यात आधी हात वर कोणाचा? कोम्पाद्रेचा.

दुसऱ्या दिवशी तोच दारात, हातात केक. "कोमाद्रे, पायाभरणीला इमारतीची धर्मआई तुम्हीच." आमच्यात पहिला दगड बसायच्या आधी धर्मआई मातीला चिचा पाजते, त्याशिवाय गवंडी फावडं उचलत नाही. आणि धर्मआईने लेकराला नावं ठेवायची नसतात, म्हणजे म्हातारीचं तोंड आपोआप बंद... काय डोकं बघा. मी म्हटलं, "होते की." केक चांगला होता, खोटं कशाला बोलू?

पायाभरणीला बँड वाजतोय, मी नवा घेरदार झगा घालून खड्ड्याशी, हातात चिचेचं मडकं... आणि ओतेचना. गुआल्बेर्तो कानाशी, "कोमाद्रे, ओता ना, लोक बघतायत." बघू देत, मी नवा झगा कशाला घातलाय? उर्किदीला घाम. "अहो, मातीच आहे, ओतलं काय नि न ओतलं काय." झालं, मिस्त्री एमेतेरिओने फावडं टाकलं नि वाळूच्या ढिगावर जाऊन बसला, त्याच्यामागं सगळे गवंडी. "इंजिनियर, माती उपाशी ठेवून खणलं तर ती माणूस मागते. आम्ही नाही खणत."

बँड थांबला. उर्किदी माझ्याकडे वळला, तूप आटलेलं. "तुम्हाला पाहिजे तरी काय?"

मी आवाज चढवला नाही. एकच वाक्य बोलले, आणि आज ती इमारत मान वर न करता पुरी दिसते. मी म्हटलं, "काय करणार इंजिनियर, तुम्हीच मला धर्मआई केलंत, आता पोराला वळण लावणं आलं, आणि माझं पोर तीन मजल्यांच्या वर डोकं काढणार नाही."