फुटपाथवर चालू असलेल्या टीव्हीबाबत

एम्डन पोलीस ठाणे, मंगळवार.

मी, गेशे हार्बर्ट्स, वय २४ वर्षे, व्यवसाय प्राथमिक शाळेत शिकाऊ शिक्षिका, राहणार बंदरामागील कालव्यालगतची गल्ली, एम्डन. शिक्षण पदवीपर्यंत, आमच्या घरातली पहिलीच, असं शेजारी बसलेल्या वडिलांनी आग्रहाने सांगितल्यावरून नोंदवलं आहे.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी आणि माझे वडील हाब्बो हार्बर्ट्स, वय ६१, असे दोघंच राहतो. आई हयात नाही. वडील बंदरात क्रेन चालवत. गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ते घरी आहेत. पाय बरा झाला. उजवा हात सुधारत होता.

हाताला व्यायाम म्हणून बोटांनी करण्यासारखं काहीतरी रोज करा, असं त्यांना दवाखान्यात सांगण्यात आलं होतं. वडिलांनी माझ्या लहानपणचा गेम कन्सोल माळ्यावरून काढला. त्यातल्या एका खेळात पाणमांजर बर्फाच्या तरंगत्या लाद्यांवरून उड्या मारत समुद्र ओलांडतं. पलीकडचा किनारा धूसर असतो. तिथे एका घराची पिवळी खिडकी दिसते. शेवटची लादी पाय टेकताच बुडू लागते, म्हणून बटण नेमक्या क्षणी दाबावं लागतं. "हे त्या खिडकीपाशी पोचलं, की मी क्रेनवर चढायला लायक झालो," असं वडील म्हणत. बंदराच्या डॉक्टरांकडे त्यांची तपासणी येत्या शुक्रवारी आहे. त्यात हात चालला तर काम परत मिळेल. नाही तर मिळणार नाही.

आमचा जुना, फुगीर काचेचा टीव्ही इस्टरच्या सुमारास बंद पडला. मी पहिल्या पगारातून नवा, भिंतीवर लावायचा आणला. कन्सोलची वायर जुन्या रुंद स्कार्ट जोडणीची, आणि नव्या टीव्हीला फक्त एचडीएमआयची बारीक खाच. मध्ये अडॅप्टर लागणार होतं. मी त्याबद्दल बरंच वाचलं. एक प्रकारची पेटी आलेलं चित्र आधी साठवते, ताणून टीव्हीच्या मापाचं करते आणि मग पुढे सोडते. दुसऱ्या प्रकारची चित्राची ओळ जशी येईल तशी पुढे पाठवते, थांबत नाही. लोकांनी टाकलेल्या फोटोंत दुसरीचं चित्र मला खरखरीत वाटलं. पहिलीचं गुळगुळीत होतं. मी पहिली आणली. वडिलांना छान दिसावं, एवढाच हेतू होता.

चित्र खरोखर सुंदर आलं. बर्फ निळसर दिसायचा, आणि खिडकीतला उजेड पाण्यात उतरलेला आधी कधी आम्हाला दिसलाच नव्हता. मी वडिलांच्या खुर्चीमागे उभी राहून पाहत असे. पाणमांजर शेवटच्या लादीवर बुडे. पुढे पुढे ते आधीच्या लाद्यांवरही बुडू लागलं. आमच्यात झालेलं बोलणं असं:

"पप्पा, जरा लवकर दाबा ना."

"लवकरच दाबतोय."

"पण ते उडतंय उशिरा."

"मग हातच उशिरा पोचतोय, पोरी."

त्यानंतर वडिलांनी आपल्या कपात चमचा उभा ठेवला. आमच्याकडे त्याचा अर्थ, पुरे, आता चहा नको. तीन कप झाल्याशिवाय ते चमचा ठेवत नाहीत. त्या दिवशी पहिल्याच कपात ठेवला. रविवारी ते म्हणाले, "बंदरात फोन कर आणि तपासणी रद्द करून टाक. लोकांसमोर शोभा नको." मी सोमवारी करते म्हणाले. सोमवारी केला नाही.

आज आमच्या भागात जुनं सामान उचलण्याचा दिवस होता. त्या दिवशी लोक नको असलेलं सामान घरासमोर मांडतात, आणि गाडी येईपर्यंत शेजारीपाजारी त्यातलं हवं ते घेऊन जातात. सकाळी दाट धुकं होतं. मी उठले तेव्हा वडील घरात नव्हते. त्यांचा कोट नव्हता. कन्सोल नव्हता. अडॅप्टर टेबलावर होतं, वायर नीट गुंडाळलेली. ते कन्सोल ढिगात टाकायला गेले असतील, असं मला वाटलं. तरी मी आधी कालव्याच्या कठड्यापर्यंत गेले. का गेले, ते सांगता येणार नाही. तिथे कोणी नव्हतं. पाणी स्थिर होतं.

परत फिरले तेव्हा गल्लीच्या टोकाला धुक्यात निळा उजेड हलताना दिसला. आधी मला ती कुणाच्या तरी घराची खिडकी वाटली. जवळ गेल्यावर कळलं, की शेजारी थेदा ओल्टमान्स बाई यांच्या घरासमोरच्या ढिगात त्यांचा जुना, फुगीर काचेचा टीव्ही चालू होता, आणि आमचा कन्सोल मध्ये पेटी न लावता थेट त्याला जोडलेला होता. वायर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर आली होती. समोर टाकून दिलेल्या सोफ्यावर माझे वडील बसले होते. त्यांच्या खांद्यावर दव होतं. ओल्टमान्स बाई मला म्हणाल्या, "फेकायलाच आला होता गं. मी म्हटलं, माझा टीव्ही चालतो अजून, बघ हवा तर. तर म्हणतो, वायर टाक खाली!"

तेवढ्यात सामान उचलणारी गाडी आली. मुकादम लासे ब्रून्स हे कामावर नवीन आहेत. ते म्हणाले, "उठा काका. ढिगात ठेवलेली वस्तू आमच्या ताब्यात येते. टीव्ही आमचा, सोफाही आमचा."

वडील पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "मग पाहुणा आलाय तुझ्या सोफ्यावर. चहा सांग."

गाडीचा चालक खाली उतरला आणि सोफ्याच्या हातावर टेकला. "थांब ना लासे, अजून दोनच लाद्या राहिल्यात," असं तो म्हणाला. मागे दोन मोटारी आणि पाववाल्याची गाडी अडली होती. कोणी हॉर्न वाजवला नाही. ब्रून्स यांनी पोलिसांना फोन केला, तो नियमाला धरूनच. त्यांनी कोणालाही हात लावला नाही, आवाज चढवला नाही. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही.

सोफा कुंपणाला टेकलेला असल्याने मला वडिलांच्या मागे उभं राहता येईना. मी टीव्हीच्या बाजूला, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले. त्यामुळे पडदा मला तिरका दिसत होता आणि त्यांचा अंगठा समोर होता. अंगठा खाली गेला की त्याच क्षणी पाणमांजर पाण्यावरून उचललं जाई. दोन्हींमध्ये काही अंतर नव्हतं. घरी मी कधी अंगठ्याकडे पाहिलं नव्हतं. उशीर मला दिसला होता, पण तो पेटीत होता की हातात, हे मागे उभं राहून कळत नाही. ज्याने बटण दाबलं, त्याने मात्र तो आपल्या अंगावर घेतला होता.

हा मजकूर रस्ता अडवण्याच्या बाबीशी संबंधित नाही, असं अधिकाऱ्यांनी मला सांगितलं. माझ्या वडिलांचा हात मंद नव्हता, हे कुठेतरी लिहिलेलं असावं, अशी मी विनंती केली. त्यावरून ते इथे लिहिण्यात आलं आहे.

पाणमांजर पलीकडे पोचलं. खिडकी उघडली आणि आत कोणीतरी दिवा उंच धरला. खेळ तिथे संपतो. तो शेवट मीही कधी पाहिला नव्हता. वडिलांनी स्वतः टीव्ही बंद केला, वायर गुंडाळून ओल्टमान्स बाईंना खिडकीतून परत दिली आणि ब्रून्स यांना म्हणाले, "घे, तुझा टीव्ही." उचलताना एका बाजूला त्यांनीही हात लावला. उजवा. मी म्हणाले, "पप्पा, ठेवून घेऊ या का?" ते म्हणाले, "म्हातारा आहे तो, उद्या जाईल. पेटी बदल. या वेळी मला दुकानात ने. तू चित्र बघ, मी बटण दाबून बघतो." गाडीत काच फुटल्याचा आवाज झाला. तोपर्यंत पोलीस आले होते.

इथे येताना पोलिसांच्या गाडीत वडिलांनी मला विचारलं, "बंदरात फोन केलास का?"

मी म्हणाले, "नाही केला."

"मग राहू दे."

वाहतूक अडली याबद्दल मी आणि वडील दिलगीर आहोत. आणखी सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

वरचा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे, म्हणून खाली सही करते. वडिलांचा स्वतंत्र जबाब याच टेबलावर घेण्यात आला. सहीसाठी पेन डाव्या बाजूला ठेवलं होतं, ते त्यांनी उजव्या हातात घेतलं. सहीला वेळ लागला. सगळे थांबले.

(सही) गेशे हार्बर्ट्स