सातव्या पायरीचा उतार

मी, खाली सही करणारी, वय ४६ वर्षे, व्यवसाय जुन्या दगडी बांधकामांची दुरुस्ती, राहणार तळ्याच्या वरच्या गल्लीत, थोरल्या दिरांच्या घराला लागून, आज ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

गावच्या जुन्या तळ्याच्या दुरुस्तीचे काम वारसा समितीने मला दिले होते. तळे उपसायचे, पायऱ्यांचे दगड सुटे करून प्रत्येकावर क्रमांक घालायचा आणि दगड होता त्याच जागी, होता तसाच चुन्यात बसवायचा, असा नियम आहे. नवा दगड घालायची किंवा जुना तासायची मुभा नाही.

सातव्या पायरीचा मधला दगड पाण्याकडे कललेला होता. त्याच दगडावरून घसरून माझा पुतण्या बुडाला. त्याला बारा वर्षे झाली. हे समितीला माहीत नव्हते. मी सांगितले नाही.

गवंड्याने तो दगड सपाट बसवला. मी पाहिले आणि तो तसाच राहू दिला. समितीचे साहेब तपासणीला आले, त्यांनी पाणसळ लावली आणि जुन्या मोजमापाप्रमाणे उतार नाही म्हणून दगड पुन्हा बसवायला सांगितला. गवंडी म्हणाला, "बाई, दगड सरळ बसवला म्हणून बोलणी खायची आयुष्यातली ही पहिलीच वेळ." सगळे हसले. मीही हसले. मागच्या बाजूखाली दगडाच्या चिपा मी स्वतः ठोकल्या. उतार बरोबर आला.

त्या संध्याकाळी माझी मोठी जाऊ, म्हणजे मुलाची आई, तळ्यावर आली. इतक्या वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती. त्या दगडावर बसली, हाताने चाचपला आणि म्हणाली, "अगदी तसाच बसवलास गं, धाकटे."

तळ्यातल्या झऱ्याचे तोंड मोकळे केल्यावर पाणी चढू लागले. जाऊ रोज संध्याकाळी कामे उरकून यायची आणि त्याच दगडावर बसायची. पाणी घोट्यांना लागले, मग पोटऱ्यांना. मी म्हणाले, "ताई, एक पायरी वर सरका ना." ती म्हणाली, "वर कशाला? तो इथेच असतो." दिरांना सांगितले, तर म्हणाले, "बसू दे. निदान घराबाहेर तरी पडतेय."

गुरुवारी पाणी तिच्या मांडीवर आले होते. साडी भोवती तरंगत होती. ती हळू आवाजात बोलत होती. मी मागेच उभी होते, पण ते बोलणे माझ्याशी नव्हते. मध्येच ती थांबायची, ऐकल्यासारखे करायची आणि हसायची.

शुक्रवारी सकाळी मी पाण्यात उतरले. चुना पुरता धरला नव्हता. पहारीने दगड सुटला. दगड उचलायची साखळी आणि कप्पी काठावरच होती, त्यांच्या साह्याने मी तो वर ओढला. सोबत कोणी नव्हते. दगड माझ्या शेडमध्ये आहे. त्याचा टवकाही उडालेला नाही.

समितीने दगड चोरीला गेल्याची तक्रार दिली आणि तिथे रोज बसणारी बाई म्हणून माझ्या जावेला बोलावणे आले, म्हणून मी आपणहून आले. तिचा यात काही संबंध नाही. तिला विचारले असते तर तिने दगड हलवू दिला नसता.

शुक्रवारी संध्याकाळी तिने पाण्यात हात घालून जागा शोधली. मग ओल्या साडीनेच माझ्या दारात आली. म्हणाली, "आता तो कुठे बसेल?"

दगड परत बसवायचा आदेश निघाला तर तो दुसऱ्या कोणाकडून बसवून घ्यावा. मी बसवणार नाही. जी शिक्षा होईल ती मला मान्य आहे.

काल जाऊ पुन्हा तळ्यावर गेली. पाण्याबाहेरच्या पहिल्या कोरड्या पायरीवर बसली. शेजारी एकाला पुरेल एवढी जागा तिने सोडली होती. मी बराच वेळ मागे उभी होते. त्या जागी बसले नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तेवढाच आणि तसाच तो उतरवला आहे, म्हणून सही करते.