चिंचेनं घासलेला रूळ

आता तुम्ही लोणच्याची बरणी हातोहात पुढे सरकवता, पण आमच्या सरदारसाहेबांच्या कोठीत ती टेबलावर रुळांवरून फिरायची, चावीच्या आगगाडीत बसून! आमचे हे त्या गाडीचे मिस्त्री. ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं आणि कोठीतली माणसं कमी होऊ लागली.

साहेब म्हणाले, "मिस्त्री, रूळ काळा पडलाय, गाडी अडते. उद्या चालली तर ठीक, नाहीतर नवा रूळ आणि नवा मिस्त्री."

ह्यांनी रूळ घरी आणला. मी म्हटलं, "पितळच ना? द्या इकडे." चिंचेनं घासून लखलखीत केला. पुन्हा काळा पडू नये म्हणून समयांना लावते तसा वरून तेलाचा हातही फिरवला.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्याबरोबर मीही कोठीवर गेले. ह्यांनी चावी दिली, तर चाकं गरगर फिरतायत आणि गाडी जागची हलेना.

साहेब म्हणाले, "अरे, ये तो खड़ी-खड़ी भाग रही है!"

ह्यांचा चेहरा पडला. मी दाराआडून म्हटलं, "तेल मी लावलंय, साहेब. रिठ्यानं धुऊन देते."

धुतला, पुसला, आणि गाडी थेट साहेबांच्या ताटापाशी गेली.

लोणचं वाढून घेत साहेब म्हणाले, "रूळ हाच राहील, मिस्त्रीही हाच. तेल तेवढं बाईंपासून लपवून ठेवा."